मुकटा सोवळ्यात, किडा उकिरड्यात

आसामात कामानिमित्त अडीच वर्षं काढली, तिथल्या एका आठवडी बाजारातली गोष्ट. मासळीवाल्यांच्या ओळीतच एक बाई परातीत जाडजूड पिवळट अळ्या घेऊन बसलेली, वजनावर विकत होती, आणि गिऱ्हाईक इतकं की मागे उभं राहून वाट बघावी लागत होती. भाव विचारला तर शेजारच्या रोहूपेक्षा जास्त. सोबत ऑफिसमधला बोडो मित्र होता, त्यानं पाव किलो घेतल्या, मी म्हटलं बाबा हे घरी नेऊन काय करणार, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी कोळंबी घेणाऱ्याला हाच प्रश्न विचारतोय. संध्याकाळी त्याच्याच घरी जेवलो. मोहरीचं तेल, हिरवी मिरची, खोरिसा म्हणजे आंबवलेल्या बांबूच्या कोंबाचा कीस, आणि त्यात परतलेल्या त्या अळ्या. पहिला घास डोळे मिटून, दुसरा उघडे ठेवून. वरून जरा कुरकुरीत, आत मऊ, चव भाजलेला शेंगदाणा आणि अंड्याचा बलक यांच्या मधली कुठलीतरी. तिसऱ्या घासाला आवडलं, खोटं कशाला बोलू.

आता हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली मोबाईलवर रेशीमकिड्याबद्दल दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक, 'चिकनपेक्षा तिप्पट प्रोटीन, उद्याचं सुपरफूड' म्हणत पावडरचा डबा पुढे करणारी, आणि दुसरी, खाली 'छी, काहीही खातात हे लोक' लिहिणारी. मला दोन्हींचा वैताग येतो. पहिल्यांचं गणित चुकीचं आहे आणि दुसऱ्यांच्या घरात पैठणी आहे.

आधी त्या परातीतल्या अळीबद्दल. ती एरी जातीच्या रेशीमकिड्याची. एरी हे नाव आलंय आसामीतल्या 'एरा' वरून, एरा म्हणजे आपला एरंड, एकाच मुळाचा शब्द. ही अळी एरंडाची पानं खाऊन वाढते (टॅपिओकाचीही खाते), तिचा कोष एका टोकाला उघडा असतो आणि धागा सलग निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो. त्यामुळे सुतासाठी कोष उकळून आतला जीव मारायची गरजच नाही, म्हणून एरीला 'अहिंसा सिल्क' म्हणून शहरात विकतात. यातली गंमत अशी की जिथे हे रेशीम पिकतं तिथे बऱ्याच घरांत आतला जीव आधी ताटात जातो, आणि कोष हा जोडधंदा. बोडो, राभा, मिसिंग, कार्बी, कितीतरी समाजांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. म्हणजे आपण ज्याला अहिंसक म्हणून जास्त पैसे मोजतो त्याच्या आतलं कालवण कुणीतरी ऑलरेडी खाल्लेलं असतं. मला यात काही वाईट वाटत नाही, फक्त लेबल लिहिणाऱ्यांची मजा वाटते.

आता प्रोटीन. 'रेशीमकिड्यात ५५-६० टक्के प्रोटीन' हा आकडा खोटा नाही, पण तो वाळवलेल्या, पाणी काढलेल्या किड्याचा आहे. ताज्या प्यूप्यात, म्हणजे कोषात गेलेल्या किड्यात, तीन चतुर्थांश पाणीच असतं. चिकन असं वाळवून त्याची भुकटी केली तर त्यातही ७०-८० टक्के प्रोटीन निघेल, मग तिप्पट कुठून आलं? कोरड्याची तुलना ओल्याशी केली की काहीही सुपरफूड होतं, आपला सुका जवळासुद्धा ताज्या पापलेटला हरवेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एरीवर सविस्तर काम छापलं, त्यात ताज्या वजनावर १०० ग्रॅमला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन आणि ८ ग्रॅम फॅट सापडलं. अंड्यात १०० ग्रॅमला १३ च्या आसपास असतं, चिकनमध्ये २० च्या पुढे. म्हणजे आपला किडा अंड्याच्या जरा वर आणि कोंबडीच्या खाली बसतो. चांगली जागा आहे की ही, कशाला फुगवायचं.

त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट कुणी रीलमध्ये सांगत नाही. अमिनो आम्लांचा स्कोअर अळीच्या शेवटच्या अवस्थेत ९९ आणि प्यूप्यात १०० आला, म्हणजे शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी जी अमिनो आम्लं असतात ती यात जवळजवळ आदर्श प्रमाणात आहेत. डाळींचं तसं नसतं, म्हणून तर आपण वरण भाताबरोबर खातो. पण खाल्लेल्या प्रोटीनपैकी शरीर प्रत्यक्षात किती वापरतं हे मोजलं तेव्हा एरीला ४१ मिळाले आणि दुधातल्या केसीनला ६२. पचन धरून काढलेला स्कोअर ८६. म्हणजे कागदावर मेरिटमध्ये, प्रॅक्टिकलला जरा कमी. याचं एक कारण कायटिन असू शकतं, किड्याच्या कवचातला तो चिवट पदार्थ, आपल्या पोटाला तो फारसा पचत नाही. शिवाय कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि लॅबमध्ये प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणायचं, त्यामुळे किड्यांच्या बाबतीत आकडा मुळातच थोडा फुगून येतो. डब्यावर ६० लिहिलं असेल तर मनातल्या मनात थोडे कापून वाचावेत.

मला विचाराल तर या किड्याची खरी कमाई त्याच्या फॅटमध्ये आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही कारण 'फॅट' म्हटलं की जिमवाले पळतात. वाळलेल्या प्यूप्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त तेल असतं, आणि त्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर, तुतीवर वाढलेल्या किड्याच्या तेलात ढोबळमानाने तिसरा हिस्सा. हेच ते ओमेगा-३ जे जवसात असतं. विदर्भातल्या घरात जवसाची चटणी असते तिथे याचं नवल नाही, पण मांसाहारी पदार्थात, तेही मासळी सोडून, ओमेगा-३ इतक्या प्रमाणात मिळणं दुर्मीळ आहे. कोंबडीत नाही, मटणात तर नाहीच. फक्त एक, हे तेल लवकर खवट होतं, आणि हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता पैठणीकडे येतो.

एरी सोडला तर आपण रेशीम म्हणून जे नेसतो ते बहुतेक तुतीच्या किड्याचं. तो स्वतःभोवती सलग धाग्याचा बंद कोष विणतो, आतून पतंग बाहेर पडला तर धागा तुटणार, म्हणून त्याआधीच कोष गरम हवेत नाहीतर वाफेत भाजून आतला प्यूपा मारतात, मग उकळत्या पाण्यात सोडून धागा उलगडतात. आपल्या जालन्याच्या मार्केटमध्ये जो कोष येतो, तो किलोत साधारण पाचशे-साडेपाचशे बसतो, आणि एक किलो रेशीम काढायला सात किलोच्या आसपास कोष लागतात. म्हणजे साडीत अर्धा किलो रेशीम असेल तर दीड-दोन हजार जीव. एवढं करून हेच कापड आपल्याकडे सगळ्यात पवित्र! माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची ती मुकटा नेसून, कारण रेशमाला विटाळ नाही, कापसाचं धुतलेलं लुगडं चालायचं नाही पण दोन हजार किडे उकळून काढलेलं चालायचं. आजीला मी हे कधी बोललो नाही, पायताण खाल्लं असतं. पण जो माणूस जीवहत्या नको म्हणून रेशीमही वापरत नाही, त्याचा आक्षेप मला मान्य आहे, त्याच्याशी माझा वाद नाही, जैन समाजात अशी माणसं आहेत. वाद आहे तो लग्नात दोन पैठण्या घेऊन 'ईशान्येकडचे किडे खातात' म्हणणाऱ्यांशी. पुण्यात माझ्या ओळखीच्या दोन आसामी पोरांना भाड्याची खोली सोडावी लागली ती घरमालकाला त्यांच्या स्वयंपाकाचा वास आवडला नाही म्हणून. त्याच सोसायटीत दर रविवारी सुकट भाजली जायची.

आणि सुकटीवरून आठवलं, शाळेत शिकलेलं आपण विसरतो, कोळंबी, खेकडा, जवळा आणि रेशीमकिडा हे सगळे संधिपादच. सांध्यांचे पाय, कायटिनचं कवच. एक पाण्यात राहतो म्हणून तो सीफूड, दुसरा पानावर राहतो म्हणून शी. गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात, ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ च्या जानेवारीत जीआय टॅग मिळाला. चॉकलेटच्या गोळ्यांवर चकाकी येते ती कित्येकदा लाखेच्या किड्याच्या स्रावाची. हे सगळं खाऊन झालंय आपलं.

तर मग भांडण कशाचं, सगळ्यांनी प्यूपा खायला लागायचं का? इथे मी जरा ब्रेक लावतो, कारण उत्साहात लोक एक मोठी चूक करतात. ते म्हणतात भारतात एवढं रेशीम होतं, एवढे प्यूपे फुकट जातात, ते गरिबांना खायला द्या, कुपोषण संपलं. हिशेब करून बघू. २०२३-२४ मध्ये देशात सगळं मिळून ३८-३९ हजार टन कच्चं रेशीम झालं, चीनच्या खालोखाल आपला नंबर, त्यातलं तुतीचं जवळपास ३० हजार टन. सातपट कोष धरले तर दोन लाख टनांच्या पुढे. कोषाचं ऐंशी टक्के वजन आतल्या प्यूप्याचं, म्हणजे दीड लाख टनांहून जास्त ओले प्यूपे, वाळवले तर चाळीसेक हजार टन, त्यात वीस हजार टन प्रोटीन. आकडा मोठा वाटतो ना? सोयाबीन देशात वर्षाला एक कोटी टनांच्या वर होतं आणि त्यात चाळीस टक्क्यांच्या घरात प्रोटीन असतं. त्यापुढे हे चणे-फुटाणे. देशाची भूक रेशीमकिडा भागवणार नाही, असं सांगणारा एकतर पावडर विकतोय किंवा प्रोजेक्ट लिहितोय.

आणि दुसरं, रिलिंग युनिटमधून, म्हणजे कोषाचा धागा उलगडतात तिथून, निघालेला प्यूपा हा माणसाच्या खाण्यासारखा असतोच असं नाही. मराठवाड्यातल्या एका छोट्या युनिटवर गेलो होतो. आत यायच्या आधी शंभर फुटांवर वास येतो. कोष उकळायचं तेच पाणी तपकिरी होईस्तोवर वापरलेलं, त्यातून निघालेले प्यूपे बाहेर ढिगात, ऊन, माश्या, आणि मघाशी म्हटलं तसं त्यातलं तेल भराभर खवट होत जातं. त्याआधी अळीवर काय काय पडलेलं असतं तेही बघा, शेड ब्लिचिंग पावडरने धुतलेलं, बेडवर चुना आणि डिसइन्फेक्टंट पावडर मारलेली, कारण रोग आला की तीन दिवसांत बॅच साफ. एका गोष्टीत मात्र ही अळी आपल्या भाजीपेक्षा बरी म्हणायची, कीटकनाशक तिला अजिबात सोसत नाही. शेजारच्या कापसावर फवारणी झाली आणि वारा इकडे आला तरी आपली बॅच गेली, हे रडगाणं रेशीम करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणजे जी अळी कोषापर्यंत पोहोचली तिनं तुमच्या आमच्या मेथीपेक्षा साफ पाला खाल्लाय. घाण होते ती पुढे, आपल्या हातून.

कोरियात हे वेगळं कसं झालं ते बघण्यासारखं आहे. तिथेही १९६०-७० च्या दशकांत रेशमाची निर्यात जोरात होती, प्यूपे ढिगाने स्वस्तात मिळायला लागले आणि उकडून, मीठ घालून कागदाच्या पुडीत रस्त्यावर विकले जाऊ लागले, त्याला बॉन्देगी म्हणतात. गरिबीतलं खाणं. मग रेशमाचा धंदा आटला, देश श्रीमंत झाला, पण बॉन्देगी गेली नाही, आज ती डब्यात बंद होऊन सुपरमार्केटात मिळते, म्हातारे लोक आठवणीनं खातात आणि पोरं नाकं मुरडतात. म्हणजे तिथेही सगळे खात नाहीत! पण ज्याला खायचंय त्याला डब्यावर तारीख, घटक, वजन छापलेलं मिळतं. जपानमध्ये नागानोकडे सोया सॉस आणि साखरेत आटवून खातात, चीनच्या ईशान्येला ओकच्या पानांवर वाढणाऱ्या मोठ्या जातीचे प्यूपे तळून खातात. सिंगापूरनं २०२४ च्या जुलैत १६ जातींच्या किड्यांना खाण्यासाठी मान्यता दिली, त्या यादीत तुतीचा रेशीमकिडा आहे, आणि सोबत हेही स्पष्ट केलं की किडे कचऱ्यावर, शेणावर वाढवलेले नकोत, रानातून पकडलेले नकोत.

आपल्याकडे मात्र गंमत आहे. खाणारे लाखो आहेत पण त्यांच्या खाण्याला स्टँडर्ड नाही. एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नाचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, दूध, मध, लोणचं अशा कितीतरी गोष्टींचं मानक आहे, रेशीमकिड्याचं नाही, पाकीटबंद करून विकायचा तर २०१७ च्या 'नॉन-स्पेसिफाइड फूड' नियमांच्या वाटेनं जायचं, म्हणजे आसामी माणूस शेकडो वर्षं खातोय ते सरकारच्या कागदावर 'अनोळखी अन्न'.

स्टँडर्ड हवं ते फक्त मान मिळावा म्हणून नाही, धोकाही आहे. ज्यांना कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना रेशीमकिड्यानेही त्रास होऊ शकतो, कारण तीच ती प्रथिनं दोन्हीकडे थोड्याफार फरकानं असतात. चीनमध्ये प्यूपे खाऊन अ‍ॅलर्जीचा जोरदार झटका आलेले पेशंट नोंदले गेलेत. ज्याला कधी कोळंबीनं अंगावर पित्त उठलंय त्यानं हौस म्हणूनसुद्धा चाखू नये. आणि 'रेशीमकिडा' हे नाव सरसकट सगळ्याला लावूनही चालत नाही. नायजेरियात अ‍ॅनाफे नावाचा एक रानटी रेशीमकिडा खातात, त्यात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व तोडणारं एक एन्झाइम असतं जे नुसत्या भाजण्याने जात नाही, आणि जेवण मुळातच पिठुळ, बी-१ कमी असलेलं, त्यामुळे तिथे ठरावीक मोसमात लोकांचा तोल जाणं, हातपाय थरथरणं असा आजार दिसायचा. तो किडा वेगळा, आपला वेगळा, पण कुठला, काय खाऊन वाढलेला, कसा शिजवलेला, हे पाकिटावर कुणीतरी जबाबदारीनं लिहायला पाहिजे ते याचसाठी.

मग महाराष्ट्रात काय करायचं? माझं मत विचाराल तर माणसाच्या ताटाचा विचार इथे सध्या नकोच. ज्या राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेतल्या पोरांना अंडं द्यायचं ठरलं, त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसे देणं बंद केलं, तिथे प्यूप्याची खिचडी सुचवणारा वेडाच. पण कोंबडीचं काय? त्या मराठवाड्यातल्या युनिटच्या ढिगावर गावातल्या कोंबड्या तुटून पडल्या होत्या, मालक हाकलून दमला होता. पोल्ट्रीवाला सोयापेंडीच्या भावानं रडतोय आणि तिकडे त्याच्याच जिल्ह्यात प्यूपे खतात चाललेत. जपानी लोक त्यांच्या रंगीत कोइ माशांना वर्षानुवर्षं प्यूपे चारतात. यात अवघड काही नाही, रिलिंग झाल्या झाल्या स्वच्छ पाण्यात धुवायचे, त्याच दिवशी ड्रायरमध्ये वाळवायचे, घाणीला दाबून तेल वेगळं करायचं, कारण तेलासकट चारलं तर अंड्याला आणि मांसाला वास लागतो, आणि उरलेली पेंड फीडमध्ये. तेल साबणाला जातं. लागणार काय, तर एक ड्रायर, एक घाणी आणि दहा-बारा युनिटचा माल रोज गोळा करणारा एक टेम्पो. रेशीम वाढावं म्हणून तुती लावायला रोजगार हमीतून पैसे मिळतात, शेड बांधायला मिळतात, कोष विकायला मार्केट आहे, फक्त कोषाच्या ऐंशी टक्के वजनाचं पुढे काय हे कुणी विचारत नाही. शेतकऱ्याला कोषाचा जो भाव मिळतो तो वीस टक्क्यांच्या धाग्यावर ठरतो, बाकीचं वजन तो बिचारा अळीच्या पाचव्या अवस्थेत रात्री-बेरात्री उठून पाला टाकून वाढवतो आणि जवळजवळ फुकट देतो.

आणि माणसाच्या खाण्याचे नियम जेव्हा कधी होतील तेव्हा ते एरीपासून सुरू व्हावेत, तुतीच्या कचऱ्यापासून नको. कारण एरी तिथे खाण्यासाठीच वाढवतात, उरलंसुरलं म्हणून नाही, आणि या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीती एवढीच वाटते की नियम आले की ते मशीनवाल्या कंपनीच्या मापाचे येतील, पावडर, कॅप्सूल, बार, चकचकीत पाकीट, आणि त्या बाजारातल्या बाईच्या परातीवर कुणी इन्स्पेक्टर पावती फाडेल. मोहाची दारू असो की घरचं लोणी, असं झालेलं आपण पाहिलंय. तिच्याकडे ना कोल्ड स्टोरेज, ना लॅबचा रिपोर्ट. तिच्याकडे जिवंत माल आहे. मित्रानं घेताना परातीतली एक अळी बोटानं ढकलून बघितली होती, ती लगेच आक्रसली, दुसरी नुसती पडून राहिली तर त्यानं ती उचलून बाजूला ठेवली, आणि त्या बाईनं काही न बोलता तिच्याऐवजी दुसरी टाकून वजन पुरं केलं.